तर्काची किंमत

आश्रमवासिक पर्वात एक प्रसंग आहे. युद्ध होऊन बरीच वर्षं लोटली आहेत. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात गेली आहेत, त्यांच्यासोबत विदुर आणि संजयही. युधिष्ठिर भावांना घेऊन भेटीला येतो. एकमेकांची विचारपूस झाल्यावर तो विचारतो, विदुर कुठे आहे? धृतराष्ट्र सांगतो, त्याने अन्न सोडलं आहे, अंगावर नुसत्या शिरा दिसतात, रानात कधीमधी कुणाला दिसतो. बोलणं चालू असतानाच विदुर लांबवर दिसतो. जटा वाढलेल्या, तोंडात खडा धरलेला, अंगावर वस्त्र नाही, शरीर मळाने माखलेलं. आश्रमाकडे पाहून तो परत फिरतो. युधिष्ठिर एकटा त्याच्यामागे धावत सुटतो, आपलं नाव सांगत. दाट रानात विदुर एका झाडाला टेकून उभा राहतो आणि पापणी न हलवता राजाकडे पाहत राहतो. पाहता पाहता तो योगबळाने युधिष्ठिरात शिरतो, गात्रांत गात्रं आणि प्राणांत प्राण. झाडाला टेकलेला देह तसाच राहतो, डोळेही तसेच उघडे. युधिष्ठिराला आपलं बळ वाढल्याचं जाणवतं. तो देहाला अग्नी द्यायच्या विचारात असतो, तेव्हा आकाशवाणी त्याला थांबवते.

महाभारतात मरणांना तोटा नाही. भीष्म शरपंजरी पडून आपली वेळ निवडतो, द्रोण रथातच योग लावून बसतो, कृष्णाला व्याधाचा बाण लागतो. पण मरताना दुसऱ्या माणसाच्या आत जाणारा विदुर एकटाच. आणि ज्याच्यात तो जातो तो शिष्य नाही, सखा नाही, सावत्र भावाच्या घरचा थोरला मुलगा आहे. बरं, आश्रमात एवढी माणसं असताना तो एकट्या युधिष्ठिरालाच रानात ओढून का नेतो? इथे वाचणारा अडखळतो, आणि अडखळलेला वाचक तर्क करू लागतो.

पात्राचं मूळ काय, त्याचा बाप कोण, ही जागा कुठली, या शक्तीचा नियम काय, असे तर्क आज अद्भुत कथांचे चाहते रात्र रात्र लढवतात. त्याला फॅन थिअरी असं नाव आहे. नाव नवं असलं तरी खोड आपल्याकडे जुनी आहे. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी सप्ताहात प्रवचन संपल्यावर बुवांभोवती चार माणसं रेंगाळतात, ती हेच विचारायला: कर्णाला कवच होतं तर ते वाढत्या अंगाबरोबर वाढत होतं का, अश्वत्थामा अजून जिवंत असेल तर खातो काय. त्या सगळ्या प्रश्नांत ‘धर्मराज कोणाचा?’ हा प्रश्न सर्वांत अवघड. तो मराठीत छापील पानावर नेटाने मांडला इरावती कर्वे यांनी, ‘युगान्त’मध्ये. पुस्तक १९६७ सालचं, त्याला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विदुर आणि युधिष्ठिर यांच्यावरच्या लेखात बाईंनी सुचवलं की हे दोघं काका-पुतणे नसून बाप-लेक असावेत.

चाहत्याचा तर्क कसा असावा, याचा हा लेख म्हणजे नमुना आहे. तो कसा रचला आहे ते पाहण्यात फार मजा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बाई बाहेरून काही आणत नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झालेलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९६६ साली पुरं झालं होतं. सव्वा हजारांहून अधिक हस्तलिखितं ताडून कुठला श्लोक आतला आणि कुठला मागाहून आलेला, याचा निवाडा झाला होता. आजचे चाहते अमुक गोष्ट अधिकृत, तमुक नाही, म्हणून भांडतात. इथे ते भांडण विद्वानांच्या एका पिढीने निस्तरून ठेवलं होतं. बाई त्याच मजकुराच्या आत राहून पुरावा जमवतात. आणि पुरावा जमवणारी बाई नुसती वाचक नाही, नातेसंबंधांवर आयुष्यभर काम केलेली मानववंशशास्त्रज्ञ आहे. त्यामुळे तिला कथेत जे दिसतं ते पुराणिकाला दिसत नाही.

पुरावा असा. अणीमांडव्य ऋषीला चोर समजून सुळावर चढवलं. लहानपणी किड्यांना काडी टोचल्याचं ते फळ, असं धर्माने सांगितलं. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा दिलीस म्हणून ऋषीने धर्मालाच शाप दिला, शूद्रेच्या पोटी जन्म घे. तो जन्म म्हणजे विदुर. इकडे पंडूला शाप असल्याने तो कुंतीला देवांकडून पुत्र मागायला सांगतो आणि पहिल्यांदा कोणाला बोलवायला सांगतो, तर धर्माला. म्हणजे शापाने माणूस झालेला धर्म हस्तिनापुरात आहे आणि मंत्राने आलेला धर्म वनात येतो. हे दोन धर्म कथा एकमेकांशेजारी ठेवते आणि त्यांचा संबंध लावत नाही. त्यात नियोगाची रीत. नवऱ्याला मूल होत नसेल तर धाकट्या दिराला पहिला मान. पंडूचा धाकटा भाऊ एकच, विदुर.

मग विदुराचं वागणं. लाक्षागृहाचा डाव तो आधी ओळखतो आणि निरोप देतो तो युधिष्ठिरालाच. भुयार खणायला माणूस तोच पाठवतो. पांडव तेरा वर्षांच्या वनवासाला निघतात तेव्हा कुंती राहते विदुराच्या घरी. यात मला आणखी एक तपशील घालावासा वाटतो. वारणावताला निघताना विदुर सावधगिरीचा इशारा देतो तो सगळ्यांच्या देखत, पण गूढ बोलीत. बाकीच्यांना ते शब्द कळत नाहीत, युधिष्ठिराला कळतात. नंतर कुंतीला विचारावं लागतं की तो तुला काय म्हणाला. भर गर्दीत दोघांनाच कळेल असं बोलणारी ही जोडी पुढे रानातही दोघंच असते.

शेवटी ते मरण. बृहदारण्यक आणि कौषीतकी या उपनिषदांत मरणाच्या दारी असलेल्या बापाने आपली वाणी, प्राण, डोळे, कान मुलाच्या हवाली करण्याचा विधी आला आहे. झाडाला टेकलेला विदुर जे करतो ते या विधीच्या इतकं जवळचं आहे की ज्याला विधी माहीत आहे त्याला दुसरं काही सुचूच नये. आणि त्यानंतर व्यास येऊन धृतराष्ट्राला सांगतात की विदुर म्हणजे धर्म, त्याच धर्मापासून योगबळाने युधिष्ठिर झाला, तेव्हा विदुर आणि पांडव वेगळे नव्हेत. कथाच तर्काच्या उंबरठ्यापर्यंत येऊन उभी राहते. बाईंना फक्त एक पाऊल टाकायचं उरतं.

ते पाऊल टाकताना त्या जपून टाकतात. स्वतःवरचा सर्वांत मोठा आक्षेप त्या स्वतःच पुढे करतात: महाभारत काही लपवत नाही. व्यासांचा जन्म सांगतं, कर्णाचा सांगतं, धृतराष्ट्र-पंडूंचा सांगतं. मग हीच एक गोष्ट झाकायचं कारण काय? त्यांचं उत्तर राज्यापाशी जातं. विदुर दासीपुत्र म्हणून गादीला मुकला. त्याचाच मुलगा गादीवर हक्क सांगतो आहे हे उघड झालं असतं तर पांडवांची बाजू लुळी पडली असती. इंग्रजी आवृत्तीत या लेखाच्या शीर्षकालाच प्रश्नचिन्ह जोडलेलं आहे. बाईंनी दार उघडलं, ढकललं नाही.

आक्षेप आणखीही घेता येतात. यक्षप्रश्नांच्या वेळी तळ्याकाठी धर्म भेटतो आणि मी तुझा बाप असं सांगतो, तेव्हा विदुर तिकडे हस्तिनापुरात आहे. महाप्रस्थानात कुत्र्याच्या रूपाने धर्म बरोबर चालतो, तेव्हा विदुर जाऊन कितीतरी वर्षं झाली आहेत. शिवाय नियोगात मूल क्षेत्राच्या धन्याचं, बीज कोणाचं का असेना. त्या न्यायाने विदुरापासून झालेला मुलगाही पंडूचाच ठरला असता. म्हणजे शास्त्राची हरकत नव्हती, अडचण होती ती लोकांच्या तोंडाची. आणि सगळ्यांत बोचणारा आक्षेप विदुराच्या घरातला आहे. आदिपर्व सांगतं की देवक राजाच्या एका मुलीशी, तीही शूद्रेच्या पोटची, विदुराचं लग्न झालं आणि तिच्यापासून त्याला आपल्यासारखेच गुणी मुलगे झाले. त्यांची नावं नाहीत. ते युद्धात नाहीत, वनात नाहीत, बापाच्या मरणाजवळ नाहीत. विदुर युधिष्ठिराचा बाप होता असं मानलं तर त्याने आपलं सगळं संचित ज्याला मुलगा म्हणता येत नव्हतं त्याला दिलं, आणि ज्यांना म्हणता येत होतं त्यांना काहीच नाही. तर्काने एक कोडं सोडवलं आणि दुसरं पुढ्यात आणून ठेवलं. चांगल्या तर्काचं हे लक्षण मी मानतो. त्याच्यानंतर कथा संपत नाही, आणखी खोल होते.

पण या तर्काचं माझ्या लेखी सर्वांत मोठं मोल वेगळंच आहे. तो लाडक्या पात्राला महाग पडतो. युधिष्ठिर हा राजसूय केलेला सम्राट, देवाचा मुलगा. बाईंचा तर्क त्याला दासीचा नातू करतो. जन्मभर ज्या कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवलं, त्याच्या ओळीत त्याला उभा करतो. ज्या हक्कासाठी अठरा अक्षौहिणी सैन्य मेलं तो हक्कच डळमळतो. आणि तरी युधिष्ठिर वाचकाच्या मनातून उतरत नाही, उलट कळायला लागतो. द्यूतात गप्प बसणारा, राज्य मिळाल्यावर राज्य नको म्हणणारा, स्वतःच्या हक्काविषयी कायम किंचित शंकित दिसणारा हा माणूस असा का आहे, याचं उत्तर अंधुकपणे दिसू लागतं. आपल्याला त्याचं देवपण मोजून द्यावं लागलं, त्या बदल्यात माणूस मिळाला.

याच्या शेजारी पश्चिमेतला गाजलेला तर्क ठेवून पाहावा. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या १९९६ सालच्या कादंबरीत जॉन स्नो हा सरदाराचा अनौरस मुलगा आहे. वाचकांनी लवकरच ताडलं की तो सरदाराच्या बहिणीचा आणि राजपुत्राचा मुलगा असावा. मालिका करायला आलेल्या दोघांना मार्टिन यांनी परीक्षा म्हणून हाच प्रश्न विचारला होता, जॉनची आई कोण? २०१६ साली मालिकेने तो तर्क खरा केला. पुरावे जुळवण्याचं कसब इथेही वाखाणण्यासारखं आहे: एक मनोरा, रक्ताने माखलेला पलंग, निळी फुलं, मरणाऱ्या बहिणीने घेतलेलं वचन. पण दिशा उलटी आहे. इथे हिणवलेला मुलगा उंच होत राजवंशाचा वारस ठरतो. वाचकाला जे मनातून हवं होतं तेच पुराव्याने हातात येतं. असा तर्क सुख देतो, पण वाचकाकडून काही मागत नाही. टोलकिन यांनी आपल्या कादंबरीतलं टॉम बॉम्बाडिल हे पात्र मुद्दाम कोडं म्हणून ठेवल्याचं १९५४ सालच्या एका पत्रात लिहिलं आहे, तरी तो साक्षात जगन्निर्माता असल्याचे तर्क थांबले नाहीत. लाडक्याला वर चढवायचं ही ओढ फार जुनी आहे, आणि कर्णावरच्या आपल्या मराठी प्रेमातही ती भरपूर आहे.

त्या मानाने आपल्या लोककलावंतांचा हात धीट. जांभूळ आख्यान विठ्ठल उमपांनी मराठी रंगभूमीवर गाजवलं. त्यात पाच नवऱ्यांच्या द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ होती, असा तर्क आहे. गोष्टीच्या एका प्रचलित रूपात तोडलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागायला हवं आणि त्यासाठी प्रत्येकाने मनातलं खरं सांगायला हवं. द्रौपदीने ही ओढ कबूल केल्यावरच फळ वर चढतं. चिकित्सक आवृत्तीत यातलं काही नाही. तरी हा तर्क कर्णाचं गाऱ्हाणं सांगत नाही, द्रौपदीची किंमत मोजतो. आणि मोजूनही तिला टाकून देत नाही. ऐकणारा प्रेक्षक तिच्याकडे आधीपेक्षा मायेने पाहतो.

कधी कधी किंमत टाळण्यासाठीही तर्क रचला जातो, तसा शकुंतलेच्या कहाणीत झाला. दारव्ह्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची गाडी लोक शकुंतला म्हणून ओळखतात.  आता ती बंद आहे. ज्या शकुंतलेचं नाव तिला मिळालं तिची कहाणीही ‘मूल कोणाचं’ याचीच आहे. महाभारतातला दुष्यंत भर सभेत तिला ओळखतो आणि ओळखत नाही म्हणतो. मुलगा नाकारतो, तिला वाटेल ते बोलतो, आणि आकाशवाणीने साक्ष दिल्यावर सांगतो की मला ठाऊक होतं, पण लोकांनी संशय घेतला असता. अंगठी नाही, शाप नाही. आहे तो एक घाबरट, हिशेबी राजा.

कालिदासाला हा राजा नायक म्हणून चालेना. मग त्याने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, मासा आणि कोळी आणला. राजा खोटं बोलला नाही, विसरला, असा तर्क जगातल्या एका मोठ्या चाहत्याने केला आणि तो इतका गोड निघाला की मूळ कथा लोक विसरले. माझ्या कसोटीवर हा तर्क नापास व्हायला हवा, कारण तो लाडक्याला दोषमुक्त करतो. पण सहावा अंक वाचल्यावर कसोटी थोडी सैल करावी लागते. आठवण परत आल्यावर राजा वसंतोत्सव बंद करतो, शकुंतलेचं चित्र काढतो, चित्रातल्या भुंग्यावर रागावतो, निपुत्रिक मेलेल्या व्यापाऱ्याचं प्रकरण समोर आल्यावर आपल्या पितरांना पाणी कोण देईल म्हणून खचतो. कालिदासाने गुन्हा माफ केला आणि शिक्षा ठेवली. सभेत जी किंमत चुकवली ती अंतःपुरात व्याजासकट वसूल झाली. नुसती अंगठी असती तर ती पळवाट ठरली असती.

आत्तापर्यंत पात्रांच्या मुळांचं बोललो. अद्भुत कथेच्या चाहत्याला दुसरी ओढ असते ती त्या जगाची: ते कुठे आहे, तिथे काय पिकतं, तिथले नियम काय. विदर्भात या ओढीच्या खुणा गावोगाव आहेत. चिखलदऱ्याला विराटाची नगरी होती आणि भीमाने कीचकाला मारून तिथल्या दरीत टाकलं, असं सांगतात. वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. अशा कथा ऐकायला बऱ्या वाटतात, पण त्या सगळ्या मोठेपणाच्या आहेत. थोर माणसं आमच्याकडे येऊन गेली, पराक्रम आमच्याकडे झाला, मुलगी आमची होती. गावाला यात मिळतंच, द्यावं काही लागत नाही.

हस्तर मात्र वेगळ्या जातीचा आहे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ या २०१८ सालच्या चित्रपटात समृद्धीच्या देवीचा हा पहिला मुलगा. सोनं त्याने लुबाडलं, धान्य लुबाडण्याआधी इतर देवांनी त्याला गाठलं, आईने वाचवलं ते त्याची कधी पूजा होणार नाही या अटीवर. २०२४ साली चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला आणि हस्तर कुठून आला, त्याचं नाव परदेशी भयकथांतल्या हस्तुरवरून घेतलं का, असे तर्क पुन्हा सुरू झाले. नावाची ही शोधाशोध मला कोरडी वाटते. रसाची जागा त्या जगाच्या नियमात आहे. सोन्याने भरलेला देव भुकेला आहे, आणि त्याला भुलवायला कणकेच्या बाहुल्या लागतात. हाच नियम पुढे माणसांना गाठतो: जास्त सोनं हवं म्हणून जास्त बाहुल्या नेल्या, तर बाहुलीगणिक एक हस्तर उभा राहतो. धान्य नाकारलं गेलं की भूक उरते आणि ती कोणाला तरी भोवते, एवढं या जगाचं म्हणणं.

धान्य नाकारण्याची याहून जुनी कथा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आहे. दारव्ह्याहून यवतमाळ ओलांडून पलीकडे गेलं की राळेगाव तालुक्यात रावेरी लागतं. तिथे सीतेचं मंदिर आहे. रामाशेजारची सीता नव्हे, एकटी सीता. कथा अशी: रामाने टाकल्यावर सीता या रानात राहिली, इथेच लव-कुश झाले. बाळंतीण सीता गावात पसाभर गहू मागायला गेली. कोणी दिला नाही. तेव्हा तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. कित्येक पिढ्या तो पिकला नाही, असं सांगतात. जवळच दोरांनी बांधलेला मारुती आहे. अश्वमेधाच्या घोड्यामागून आलेल्या मारुतीला पोरांनी बांधून ठेवलं, ती खूण.

वाल्मीकींच्या उत्तरकांडात यातलं काही नाही. तिथे सीतेला ऋषीच्या आश्रमात आसरा मिळतो, तापसी तिला सांभाळतात, लव-कुशांची रामाच्या सैन्याशी लढाईसुद्धा होत नाही. ती इतर ग्रंथांतून आली. पण उत्तरकांडाला एक फट आहे, आणि ती बाळंतपण केलेल्या बाईलाच दिसावी अशी. राणी रानात बाळंत झाली, तिने खाल्लं काय? ग्रंथ म्हणतो आश्रम होता. रावेरीची कथा तेवढ्यावर गप्प बसत नाही.

आणि तपशील किती नेमका! सीता सोनं मागत नाही, घर मागत नाही, न्यायही मागत नाही. पसाभर गहू मागते. वऱ्हाडात पूर्वी रोजची भाकर जवारीची. गहू सणाचा, पाहुण्याचा, बाळंतिणीच्या शिऱ्याचा, माहेरवाशिणीच्या ओटीचा. म्हणजे तिने मागितलं ते पोटभर अन्न नव्हे, लेकीचा मान होता, आणि तोच नाकारला गेला. शापही तेवढ्याच मापाचा. ती गाव जाळत नाही, दुष्काळ पाडत नाही, जवारी-कापसाला हात लावत नाही. जे दिलं नाही तेवढंच तुमच्याकडे राहणार नाही, बस. हस्तराच्या जगाइतकाच हा नियम काटेकोर आहे, आणि त्याहून माणुसकीचा. बांधलेला मारुतीही याच मापातला. रामाच्या बाजूने आलेल्या सर्वांत प्रिय सेवकालाही इथे हरावं लागतं, कारण या गावात फिर्यादी सीता आहे.

आता किंमत पाहावी. रावेरी सांगते ती गोष्ट मोठेपणाची नाही, दोषाची आहे. रामाने तिला टाकलं ते अयोध्येत, लोकांच्या बोलण्यावरून. त्या पापाशी या गावाचा काय संबंध? तरी कथा ते पाप ओढून इथे आणते: अयोध्येच्या लोकांनी जे केलं ते आमच्याही लोकांनी केलं, आमच्या आज्या-पणज्यांच्या उंबऱ्यावरून ती रिकाम्या हाताने गेली. पिकत नसलेल्या गव्हाचं कारण जमिनीत नाही, पाण्यात नाही, आमच्या वागण्यात आहे. देवळं बांधणारी गावं पुष्कळ, स्वतःवरचा आरोप जपून ठेवून त्याची पूजा करणारं गाव विरळा. इरावतीबाईंनी युधिष्ठिराचं देवपण मोजून दिलं. रावेरीने स्वतःचं भलेपण मोजून दिलं. दोन्ही तर्क एका घराण्यातले आहेत, एकाला चिकित्सक आवृत्तीचा आधार आणि दुसऱ्याला वावराचा, एवढाच फरक.

अशा तर्काला पुढे काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. ज्यात वाचकाला फुकट सुख मिळतं तो तर्क खरा ठरल्यावर संपतो. जॉन स्नोचा बाप कळल्यावर त्या प्रश्नाचं काय उरलं? ज्याची किंमत मोजावी लागते तो मात्र सांगणाऱ्यावर काही तरी बाकी ठेवतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी रावेरीच्या या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. देवधर्माच्या नादाला न लागणारा हा माणूस सीतेच्या देवळाकडे वळला तो टाकलेल्या बायकांचा प्रश्न मनात ठेवून. त्याच्याच संघटनेने त्याआधी, १९९०च्या सुमारास, लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. त्यात शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा होता, आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी तो करूनही दिला. पसाभर गहू नाकारल्याची कथा ऐकत आलेल्या मुलखात बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवणं, हे त्या कथेचं माझ्या वाचनातलं सर्वांत चोख रसग्रहण आहे. पुढच्या वेळी कोणी पात्राच्या मुळाचा नवा तर्क घेऊन आला तर पुरावे जरूर तपासावेत, पण त्याला एक प्रश्न आधी विचारावा: हे खरं मानलं तर देणं कोणाला लागतं? आपल्याला लागत असेल, तर तर्क ऐकण्याजोगा आहे.